गॅसच्या टाकीचा रोजमेळ

दुकानात मालाचा कण न् कण तोलून घेणाऱ्या घरांत एक वस्तू मात्र न तोलता घेतली जाते आणि न मोजता संपते. ती म्हणजे स्वयंपाकघरातील गॅसची टाकी. ती कधी आली हे क्वचितच कोणाच्या ध्यानात असते. कधी संपली हे मात्र साऱ्या घराच्या ध्यानात राहते, कारण ती बहुधा नको त्या वेळी संपते.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. घरात कोणाची अठ्ठाई, कोणाचा तेला. पारण्यासाठी मुगाचे पाणी एका बर्नरवर, दुसऱ्यावर पिण्याच्या पाण्याचा टोप. नवकारशीची वेळ होत आलेली, नातेवाईक येऊन बसलेले, आणि ज्योत एकदा फडफडून विझते. दुसरी टाकी भरलेली असेल तर पाच मिनिटांत निभावते. ती रिकामी असून नंबर लावायचाच राहून गेला असेल, तर शेजारच्या घराचा दरवाजा ठोठावावा लागतो. आठ दिवस निराहार राहिलेले माणूस तोवर शांतपणे बसून असते. अस्वस्थ होते ती घरची गृहिणी. वास्तविक दोष तिचा नसतो. ज्या वस्तूची खतावणीच नाही, तिची शिल्लक कोणाला ठाऊक असणार?

गॅसची बचत हा विषय बहुधा किमतीच्या अंगाने बोलला जातो, आणि ते अंग खरेच आहे. आपला देश घरगुती गॅसचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून आणतो; समुद्रापलीकडे काही बिनसले की त्याची झळ इथल्या स्वयंपाकघराला लागते. परंतु जैन घरात या विषयाला आणखी एक बाजू आहे. तेउकायाच्या जयणेचा विचार ज्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, तिथे विनाकारण जळणारी ज्योत हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही. जेवढी गरज तेवढाच अग्नी, हा जुना संस्कार आणि टाकी अधिक दिवस पुरवण्याची व्यवहारदृष्टी या दोन्ही गोष्टी इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

बारदान आणि निव्वळ वजन

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन रंगवलेले असते. व्यापाऱ्याच्या भाषेत हे तिचे बारदान. ते साधारणतः १५ ते १६ किलोंच्या घरात असते, पण प्रत्येक टाकीचे निराळे. बारदान १५.८ किलो असेल, तर भरलेली टाकी ३० किलो भरली पाहिजे. टाकी घरी येताच तोलून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि टाकी आणणाऱ्याजवळ काटा असणे अपेक्षित आहे. पोत्यामागे पावशेराची घट आली तरी आडत्याला जाब विचारणारे घर टाकीच्या बाबतीत मात्र संकोच का करते, हे समजत नाही. त्याच वेळी सील शाबूत आहे ना, आणि झडपेतून गॅस झिरपत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पट्टीवर आणखी एक खूण असते, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वर्षाच्या त्या तिमाहीपर्यंत टाकीची पुढील तपासणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. ती मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये. परत करून दुसरी मागावी.

टाकीत काय शिल्लक आहे हे ज्योतीवरून कळत नाही. आत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ वर साचते. द्रवाचा अखेरचा अंश उरेपर्यंत ही वाफ पुरेशा दाबाने येत राहते, आणि रेग्युलेटर तो दाब एकसारखा करून शेगडीला देतो. त्यामुळे अर्धी टाकी आणि जवळजवळ रिकामी टाकी यांची ज्योत सारखीच दिसते. टाकी हलवून पाहण्यानेही नेमका अंदाज येत नाही. ओल्या फडक्याने टाकी पुसून पाहिल्यास द्रव असलेला खालचा भाग सावकाश वाळतो आणि वरचा रिकामा भाग लवकर कोरडा होतो. पण हा ढोबळ अंदाज झाला. खरे उत्तर काटाच देतो. रेग्युलेटर बंद करून काढावा, झडपेवर टोपण बसवावे, दोघांनी मिळून टाकी दुकानातील किंवा घरातील काट्यावर ठेवावी, आणि आलेल्या वजनातून बारदान वजा करावे. उरले ते निव्वळ वजन.

ज्या दिवशी नवी टाकी लावली ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी. तीन टाक्यांच्या तारखा लिहून झाल्या की घराचा रोजचा खप आपोआप समोर येतो. टाकी ४० दिवस पुरत असेल, तर रोजचा खर्च सुमारे ३५५ ग्रॅम. मग पर्युषणापूर्वी किंवा घरच्या मंगलकार्यापूर्वी नंबर केव्हा लावायचा, याची चिंता उरत नाही.

पाण्याच्या टोपाखालचा खर्च

जैन स्वयंपाकघराचा हिशेब इतर घरांपेक्षा एका बाबतीत निराळा आहे. अनेक घरांत पिण्याचे पाणी रोज उकळले जाते. चातुर्मासात आणि तपश्चर्येच्या दिवसांत तर हमखास. भाजी-पोळीला लागणारा गॅस सर्वांना दिसतो, पण पाण्याच्या टोपाखाली किती जळतो हे कोणी मोजलेले नसते. ते मोजण्यासारखे आहे.

एक किलो गॅस जळला की सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता निघते. ही सारी भांड्यात जात नाही. भारतीय मानकानुसार चांगल्या शेगडीने किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. घरातला वारा, भांड्याचा आकार, बर्नरची अवस्था लक्षात घेऊन ६० टक्के धरले, तर एक ग्रॅम गॅसमधून ६.६ किलोकॅलरी पदरात पडतात. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ७५ किलोकॅलरी लागतात. म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम गॅस. रोज दहा लिटर पाणी उकळणाऱ्या घरात एवढ्यासाठीच रोज ११४ ग्रॅमच्या आसपास, महिन्याला जवळजवळ ३.४ किलो गॅस लागतो. वरच्या ४० दिवसांच्या टाकीत हा रोजच्या खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा होतो.

हा खर्च नियमाचा आहे आणि तो आनंदाने करावा. पण त्यापुढे एक निराळाच खर्च सुरू होतो. पाणी एकदा उकळू लागले की ते अधिक तापत नाही. त्यापुढची सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. आणि एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे तेच पाणी उकळीपर्यंत नेण्याच्या सातपट. टोप उघडा, ज्योत मोठी, आणि गृहिणी दुसऱ्या कामात. दहा लिटरांतील एक लिटर पाणी असे वाफ होऊन गेले, तर ८० ग्रॅमहून अधिक गॅस खिडकीबाहेर गेला. रोज असे होत राहिले, तर महिन्याकाठी जवळजवळ अडीच किलो. टाकीचा सहावा हिस्सा कोणाच्याही पोटात न जाता हवेत जातो.

तीन उकाळ्यांचा नेम पाळण्यास मोठी ज्योत लागत नाही. पाणी तापेपर्यंत टोपावर घट्ट झाकण असावे. पहिली खळखळती उकळी आली की ज्योत लहान करावी आणि उरलेले उकाळे मंद आचेवर, झाकणासह होऊ द्यावेत. नियम पूर्ण होतो आणि वाफही आवरली जाते.

उन्हाचाही उपयोग करून घेता येतो. कडक उन्हात झाकून ठेवलेल्या भांड्यातील पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापले, तर उकळीपर्यंतच्या वाटेचा पाचवा हिस्सा सूर्याने चालून दिला, असे होते. मात्र असे ठेवलेले पाणी टोपात घेताना पुन्हा गाळून घ्यावे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा वडीलधाऱ्यांना ठाऊक असतेच. तसेच अनेक गावांचे पाणी क्षारयुक्त असते. रोज उकळण्याने टोपाच्या आतून पांढरा थर चढतो, आणि तो उष्णतेला अडवतो. लिंबाच्या साली किंवा चिंचेच्या कोळाने आठवड्यातून एकदा टोप घासला, तर तळ स्वच्छ राहतो.

कडधान्ये, कुकर आणि संध्याकाळची घाई

अष्टमी-चतुर्दशीला आणि चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या घरांत कडधान्ये व डाळी अधिक शिजतात, आणि त्यांना वेळ लागतो. भिजवलेले कडधान्य न भिजवलेल्यापेक्षा पुष्कळ लवकर शिजते, हे सर्वज्ञात आहे. परंतु रात्रभर पाण्यात धान्य ठेवणे अनेक घरांत चालत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. सकाळी पिण्याचे पाणी उकळले जातेच. त्यातील कढत पाणी चण्यांवर किंवा राजम्यावर ओतून झाकून ठेवावे. गरम पाण्यात धान्य थंड पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने फुगते, आणि दुपारच्या स्वयंपाकापर्यंत ते तयार होते. क्षारयुक्त पाणी उकळताना त्यातील काही क्षार तळाशी बसतात. असे पाणी वरच्या वर घेतल्यास डाळही मऊ शिजते. एकाच उष्णतेचे दोनदा चीज होते.

कुकरचे तत्त्व असे की बंद भांड्यात वाफेचा दाब वाढून पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि अन्न लवकर शिजते. त्या दाबापर्यंत एकदा पोहोचल्यावर मोठ्या ज्योतीचे काम संपते. मोठ्या आचेवर एकामागून एक वाजणारी प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर फेकली गेलेली वाफ, म्हणजेच बाहेर फेकलेला गॅस. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळ पाहावे. आच बंद केल्यावरही आतील उष्णतेने दहा मिनिटे शिजणे चालूच असते. घाईने झाकण उघडून ती दवडू नये. वरण, भात आणि दुधीच्या फोडी एकाच कुकरच्या तीन डब्यांत शिजल्या, तर एका ज्योतीत तीन कामे होतात.

गॅस वाचवण्यासाठी एकदाच भरपूर करून ठेवावे आणि फ्रीजमधून काढून गरम करून खावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. शिळे न खाणाऱ्या घराला तो उपयोगाचा नाही. मात्र सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची शिस्त हीच त्या घराची मोठी बचत ठरू शकते. सारे घर एका वेळी ताटावर बसले, तर पुन्हा गरम करणे नाही, तवा दोनदा तापवणे नाही. अडचण येते ती दुकानातील मंडळी वेगवेगळ्या वेळी येतात तेव्हा. एक जण पाच वाजता, दुसरा सव्वापाचला, तिसरा सूर्य कलताना. आणि प्रत्येकाला गरम फुलका हवा म्हणून तवा तासभर रिकामा तापत राहतो. दुकानात पाळीपाळीने बसण्याची व्यवस्था झाली आणि जेवणाच्या दोनच पंगती ठरल्या, तर गॅस तर वाचतोच. स्वयंपाकघरात उभी असलेली व्यक्तीही वेळेत जेवते. चौविहाराचा नेम तिलाही असतो.

खाखऱ्यांचेही तसेच. मंद आचेवर एकेक खाखरा दाबून शेकणे हे वेळखाऊ काम. रोज चार-चार शेकण्यापेक्षा जाड बुडाचा तवा एकदा तापला की त्या खेपेचे सारे खाखरे शेकून घ्यावेत. शेवटी आच बंद केल्यावर उरलेल्या धगीवर पापड किंवा जिरे भाजून होते.

निळी ज्योत

ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी होऊ लागली, भांड्याची बुडे काळी पडू लागली, की गॅस अर्धवट जळतो आहे असे समजावे. बहुतेक वेळा कारण साधे असते: बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेले दूध, पिठाचे कण, तेलाचा थर. बर्नरची टोपी काढून साबणाच्या पाण्यात घासावी आणि पूर्ण कोरडी करून मगच बसवावी. आतील बारीक तोटीत मात्र सुई किंवा पिन घालू नये; तिचे छिद्र मोठे झाले तर गॅस अधिक येतो आणि हवेशी त्याचा मेळ बिघडतो. ते काम जाणकार मेकॅनिकने करावे.

अनेक घरांत शेगडी पेटवण्यापूर्वी पुंजणीने बर्नर व भोवतीची जागा हलक्या हाताने पुंजण्याची पद्धत आहे. एखादी मुंगी, एखादा बारीक जीव ज्योतीत सापडू नये हा त्यामागचा भाव. त्याच कृतीने छिद्रांवरचा कचरा दूर होतो आणि बर्नर नीट जळतो. जुनी पद्धत जपणाऱ्या घरांच्या शेगड्या म्हणूनच बहुधा चांगल्या चालतात.

ज्योतीच्या जिभा भांड्याच्या कडेने वर येत असतील, तर ती उष्णता भांड्याला लागत नाही. ओटा आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती तेवढी तापते. लहान भांड्याला लहान बर्नर, रुंद व सपाट बुडाच्या भांड्याला मोठा बर्नर, हा साधा नियम पुरेसा आहे. पंख्याचा झोत थेट ज्योतीवर येऊ देऊ नये. पण खिडकी बंद करू नये. जळण्याला आणि माणसालाही ताजी हवा लागते.

शेवटच्या वाटीभर गॅसचा मोह

काटकसर आणि लोभ यांच्यामधली रेषा टाकीच्या अखेरीस स्पष्ट दिसते. ज्योत मंदावली की काही घरांत टाकी आडवी केली जाते, उलटी केली जाते, तिच्यावर गरम पाणी ओतले जाते. हे तिन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. टाकी आडवी केल्यावर वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि थोड्याशा द्रवाची वाफ कितीतरी पटींनी पसरते. शेगडीवर अचानक मोठा भडका उडतो.

थंडीत अखेरचा गॅस सावकाश का येतो, हे समजून घेतले की मोह आपोआप कमी होतो. टाकीतील गॅस हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळते, तर ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जाते, तळाशी ब्यूटेनचे प्रमाण वाढते, आणि गारठ्यात ते सावकाश वाफ होते. स्वामीवात्सल्याच्या मोठ्या स्वयंपाकात टाकीवर दवबिंदू किंवा बर्फाचा पातळ थर दिसतो, तोही याच कारणाने: वाफ होताना द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो आणि टाकी गार पडते. अशा वेळी टाकी तापवू नये. एकाच टाकीवर भार न टाकता जाणकाराकडून अधिक टाक्या जोडून घ्याव्यात, किंवा आच कमी करून थोडा धीर धरावा. टाकी नेहमी उभी, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर आणि हवा खेळती असलेल्या जागी असावी.

मोहाचा दुसरा प्रकार व्यापारी घरांना अधिक जवळचा. घरची टाकी दुकानाच्या चहासाठी, फरसाणाच्या भट्टीसाठी, कामगारांच्या स्वयंपाकासाठी नेली जाते. धंद्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी निराळी आहे. घरगुती टाकीचा असा वापर २००० सालच्या गॅस पुरवठा व वितरण नियमन आदेशानुसार गुन्हा आहे, आणि एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस भरणे हा तर गुन्ह्याबरोबरच साक्षात स्फोटाशी खेळ आहे. तराजू आणि वही यांच्या सचोटीवर ज्या पेढ्यांचे नाव उभे आहे, त्यांनी चार पैशांच्या फरकासाठी ते डावावर लावू नये.

गळणारा गॅस

न जळता गळणारा गॅस ही सर्वांत महाग उधळपट्टी. रबरी नळी आयएसआय खुणेची असावी, दीड मीटरहून लांब नसावी आणि पाच वर्षांनी न विसरता बदलावी. सांधे तपासायचे तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून कधीही नाही. रात्री झोपण्यापूर्वी आणि घर बंद करून देवदर्शनाला किंवा दुकानावर जाताना, शेगडीची बटणे तर बंद करावीतच, पण रेग्युलेटरही बंद करावा.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळाला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. तो वास आला की दिव्याचे बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. देवघरातील दिवा, उदबत्ती, सर्व ज्योती विझवाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, झडपेवर टोपण लावावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर यावे आणि मग १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक ओट्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. आजी-आजोबांना आणि घरकामास येणाऱ्या बाईंनाही तो वाचता आला पाहिजे.

दिवाळीला वहीपूजन होते, नव्या वह्या उघडतात, जुन्यांची शिल्लक ओढली जाते. त्या दिवशी स्वयंपाकघरातही एक लहानशी वही ठेवावी. टाकी लावल्याची तारीख, तिचे बारदान, ती किती दिवस पुरली, नळी कधी बदलली. एवढ्या चार नोंदी पुरेत. वर्षभराने ती वही उघडली की टाकीमागे दोन-चार दिवस वाढलेले दिसतील. आणि पुढच्या संवत्सरीनंतरच्या सकाळी मुगाचे पाणी वेळेवर उकळेल, पारणे वेळेवर होईल, आणि ओट्याशी उभी असलेली गृहिणीही निश्चिंत मनाने सर्वांबरोबर बसू शकेल.